अर्थ विचारू नका, वाचून घ्या

फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमने २००० च्या सुमारास बायकोचं नाव हातावर देवनागरीत गोंदवून घेतलं. नाव चुकलं, 'व'ला एक 'ह' जादा चिकटला, अशी बोंब वर्तमानपत्रांनी लगेच ठोकली. हिंदीवाल्यांच्या बाजूने पाहिलं तर तक्रार रास्त होती. ते 'विक्टोरिया' लिहितात. पण व्हिक्टोरिया राणी, व्हिक्टोरिया टर्मिनस, घोडे जोडलेली व्हिक्टोरिया अशी 'व्ह'चीच सवय असलेल्या मराठी डोळ्याला त्या 'ह'मध्ये काही वावगं दिसत नाही. एकच गोंदण हिंदीत नापास आणि मराठीत पास.

याच बेकहॅमने २००८ साली हाँगकाँगमध्ये डाव्या कुशीवर आठ चिनी अक्षरांची एक उभी ओळ गोंदवली. कन्फ्यूशियसच्या संवादांचा 'लुन्यू' नावाचा जो संग्रह आहे, त्यातलं नशिबाविषयीचं ते एक प्रसिद्ध वचन. ती आठही अक्षरं बिनचूक आहेत. वचन चिनी माणसांच्या रोजच्या बोलण्यातलं होतं आणि काढणारा हातही ती लिपी वाचणारा होता. परदेशी लिपीत गोंदवून घेणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. गोंदवून घेणाऱ्याला लिपी वाचता येत नाही, गोंदणाऱ्यालाही येत नाही, आणि भिंतीवरच्या नमुन्यांखाली 'शौर्य', 'प्रेम', 'शांती' असं जे काही छापलेलं असतं त्यावर दोघांचाही गाढ विश्वास असतो.

आपल्याकडच्या जुन्या गोंदणात ही भानगड नव्हती. गोंदणारीण दारात बसून हातावर तुळशीवृंदावन काढायची, नाहीतर नवऱ्याचं वा देवाचं नाव. चिन्हं सगळ्या गावाच्या ओळखीची, त्यामुळे चूक झालीच तर ती गावच सांगायचं. आता पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत आणि गोव्याच्या किनाऱ्यावर चिनी अक्षरं गोंदवून मिळतात. ती बरोबर की चूक हे सांगणारं गाव मात्र हजारो किलोमीटर दूर राहतं.

चुका होतात कशा? सगळ्यात ढोबळ प्रकार म्हणजे 'चिनी बाराखडी'. टॅटूवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं एक तक्ता फिरतो आहे. त्यात इंग्रजीच्या प्रत्येक अक्षरासमोर चिनी दिसणारं एकेक अक्षर मांडलेलं असतं. तुमच्या नावातली पाच अक्षरं सांगा, टॅटूवाला पाच आकृत्या काढून देतो. वास्तविक चिनी लिपीत बाराखडी नाहीच. तिच्यातलं बहुतेक प्रत्येक अक्षर हा एक अर्थ आणि एक उच्चार असलेला तुकडा असतो. १७१६ साली पूर्ण झालेल्या कांगशी शब्दकोशात अशी ४७ हजारांवर अक्षरं आहेत. चीन सरकारच्या २०१३ च्या अधिकृत यादीत ८,१०५, आणि त्यातली नित्याच्या वापराची ३,५००. तक्त्यावरून काढलेलं नाव चिनी माणसाला पाच असंबद्ध तुकड्यांसारखं दिसतं. काही आकृत्या तर कुठल्याच कोशात सापडत नाहीत.

यापेक्षा मजेदार प्रकरण बास्केटबॉलपटू शॉन मॅरियनचं. त्याचं टोपणनाव 'द मेट्रिक्स', आणि तेच म्हणे त्याने पायावर गोंदवून घेतलं होतं. चिनी वाचकांना तिथे तीन अक्षरं दिसली: राक्षस, पक्षी आणि कापराचं झाड. अमेरिकी वार्तांकनात त्याचं 'राक्षसपक्षी डांबरगोळ्या' असं झालं आणि लोक पोट धरून हसले. पण हीच तीन अक्षरं जपानी पद्धतीने वाचली तर उच्चार होतो 'मा-तोरी-कुसु', आणि जपानी माणूस 'मेट्रिक्स' हा शब्द जवळजवळ असाच उच्चारतो. म्हणजे अक्षरं आंधळेपणाने उचललेली दिसत नाहीत. कुणीतरी बऱ्यापैकी डोकं चालवून ध्वनी जुळवला असावा. फक्त कातडीवरच्या अक्षरांसोबत 'हे जपानीत वाचावे' अशी सूचना नसते.

चिनी आणि जपानी यांची ही गल्लत फार मोठी आहे. जपानने चीनकडून अक्षरं घेतली, पण हजार-दीड हजार वर्षांत दोन्ही घरांत त्यांचे अर्थ वेगवेगळे वाढले. 'हात' आणि 'कागद' ही दोन अक्षरं जोडली तर जपानीत पत्र होतं आणि चिनीत संडासातला कागद. जपानी बापाने लेकीच्या प्रेमापोटी 'मुलगी' हे अक्षर दंडावर काढून घेतलं, तर चिनी शेजाऱ्याला तिथे 'आई' दिसेल. जपानीत 'अभ्यास' असणारी जोडी चिनीत 'कसंबसं, मनाविरुद्ध' असा अर्थ देते. पुणेकरांनी इथे जास्त सावध राहावं. पुण्यात जपानी शिकलेली माणसं सहज भेटतात, चिनी शिकलेली शोधावी लागतात. जपानी येणारा मित्र तुमचं चिनी अक्षर ओळखेल, अर्थही सांगेल आणि प्रामाणिकपणे सांगेल. तो अर्थ जपानी असेल, एवढंच.

२०१९ च्या जानेवारीत गायिका आरियाना ग्रांदे हिने तळहातावर जपानीत दोन अक्षरं गोंदवली. तिच्या 'सेव्हन रिंग्ज' या गाण्याचं नाव तिला हवं होतं. पहिलं अक्षर 'सात', दुसरं 'कडं' किंवा 'चाक'. सुटी पाहिली तर दोन्ही बरोबर. एकत्र आली की जपानीत त्यांचा शब्द होतो 'शिचिरिन', म्हणजे मासे-मांस भाजायची कोळशाची छोटी शेगडी. बोटातल्या अंगठ्यांसाठी मधली आणखी अक्षरं लागतात. तळहातावर सुई फार दुखते म्हणून ती गाळली, असं तिनेच सांगितलं. टीका झाल्यावर तिने 'बोट' हे अक्षर वाढवून घेतलं, पण ते अशा जागी बसलं की शेगडी हटली नाही, तिच्याशेजारी एक बोट तेवढं आलं. उभ्या मजकुरात वाचन वरून खाली आणि ओळी उजवीकडून डावीकडे चालतात. दुरुस्ती करतानाही हे कुणाला तरी विचारायला हवं होतं.

शब्द बरोबर निघाला तरी आकृतीचा प्रश्न उरतोच. आपल्याकडे रघुनाथरावांच्या पत्रातल्या 'धरावे'चं 'मारावे' झालं आणि नारायणराव पेशव्यांचा जीव गेला, अशी आख्यायिका आहे. 'ध'चा 'मा' करायला एक अख्खं अक्षर बदलावं लागलं. चिनीत तेवढंही लागत नाही. हात पसरून, पाय फाकून उभ्या माणसासारखं एक अक्षर आहे, अर्थ 'मोठा'. त्याच्या उजव्या खांद्यावर एक टिंब दिलं की झाला 'कुत्रा'. तेच टिंब दोन पायांमध्ये दिलं की 'फार, अती'. टिंब न देता डोक्यावर आणखी एक आडवी रेघ ओढली की 'आकाश'. आणि ती रेघ भेदून मधली उभी रेघ जराशी वर डोकावली की 'नवरा'. आकाश अंगावर घेऊ पाहणाऱ्या माणसाच्या सुईने दोन मिलिमीटर आगाऊपणा केला, तर नवरा गळ्यात पडतो.

काही ठिकाणी तर रेघांची संख्याही तीच असते, फक्त लांबी वेगळी. 'झाड' या अक्षरावर आणखी एक आडवी रेघ द्या. ती खालच्या आडव्या रेघेपेक्षा लांब असेल तर अर्थ 'शेवट', आखूड असेल तर 'अजून नाही'. 'माती' आणि 'विद्वान' यांच्यातला फरकही दोन आडव्या रेघांपैकी लांब कुठली, एवढाच आहे. लिपी न येणाऱ्या चित्रकाराला हे फरक नक्षीकामासारखे वाटतात; खांद्याच्या गोलाईला शोभावी म्हणून तो एखादी रेघ सहज ताणतो.

अंतराचंही तसंच. प्रत्येक चिनी अक्षर, त्यात रेघा तीन असोत की तेवीस, एकाच मापाच्या काल्पनिक चौकोनात बसवावं लागतं. 'चांगलं' हे अक्षर 'बाई' आणि 'मूल' या दोन भागांचं बनलं आहे. भाग दाटीने एका चौकोनात असतील तर 'चांगलं'. सैल सोडून दोन चौकोनांत पडले तर वाचणारा 'बाई' असं वाचतो. उलटसुलटपणा तर नेहमीचा. गोंदण्याआधी कागदावरची आकृती कातडीवर दाबून तिचा ठसा घेतात, त्याला टॅटूवाले स्टेन्सिल म्हणतात. कागद पालथा पडला की अक्षर आरशातलं होतं, आणि लिपी न येणाऱ्या दोन माणसांपैकी एकालाही ते जाणवत नाही. उलटं अक्षर मुद्दाम चालतं असा एक मान्यताप्राप्त अपवाद आहे: चिनी नववर्षाला दारावर 'सौभाग्य' हे अक्षर डोकं खाली करून चिकटवतात, कारण 'उलटं' आणि 'आलं' या शब्दांचे उच्चार सारखे आहेत. दारावर. अंगावर नव्हे.

मग लिपीचे दोन अवतार. चीन सरकारने १९५६ पासून अक्षरं सोपी केली. चीन आणि सिंगापूरमध्ये ती सोपी रूपं चालतात, तैवान, हाँगकाँग आणि मकाऊमध्ये जुनी. 'प्रेम'च्या जुन्या रूपात मधोमध 'हृदय' असतं, सोप्या रूपात ते गळलं. जुन्या लिपीचे अभिमानी 'काळीज काढलेलं प्रेम' म्हणून त्यावरून टोमणे मारतात. यातलं कुठलंही रूप घ्या, ते बरोबरच आहे. फसगत होते ती संगणकाकडून एकाचं दुसऱ्यात रूपांतर करून घेताना. सोपं करताना काही ठिकाणी दोन जुनी अक्षरं मोडून एक केलं गेलं. 'चेहरा' आणि 'नूडल्स' यांना आता एकच सोपं अक्षर आहे. 'नंतर' आणि 'सम्राज्ञी' यांनाही. जुन्या वळणाची ऐट हवी म्हणून उलट रूपांतर केलं आणि यंत्राचा अंदाज चुकला, तर 'तुझा चेहरा'च्या जागी तुझ्या नूडल्स उमटू शकतात.

इथपर्यंतच्या चुका कोशात सापडतात. कोशात न सापडणारी चूक म्हणजे अर्थ बरोबर, पण अंगावर शोभत नाही अशी. इंग्रजीतून 'फ्री' शोधणाऱ्याला स्वातंत्र्याऐवजी 'फुकट' मिळतं आणि माणूस दंडावर 'मोफत' लिहून हिंडतो. हे उदाहरण एवढं घडलं आहे की चिनी लोकांना आता त्याचं हसूही येत नाही. 'शौर्य' या एकाक्षरी शब्दाचं पाहा. अर्थ अचूक, अक्षर देखणं. पण चिंग राजवटीतल्या फौजेच्या शिपायांच्या अंगरख्यावर, छातीवर वा पाठीवर, हेच अक्षर मोठ्ठं शिवलेलं असायचं. ऐतिहासिक चित्रपट पाहून वाढलेल्या चिनी माणसाला त्यात वीर दिसण्याआधी गर्दीतला शिपाई दिसण्याचा संभव जास्त.

चार अक्षरी वाक्प्रचार सुट्या अक्षरांपेक्षा चांगले दिसतात, कारण ती भाषेची स्वतःची घडण आहे. पण प्रत्येकाला एक सूर असतो, आणि कोशही तो स्तुतीचा की निंदेचा हे नोंदवतात. केन्यन मार्टिन या बास्केटबॉलपटूच्या हातावर असेच चार शब्द आहेत. 'कधीही तृप्त न होणारा' असा जिद्दीचा अर्थ त्याला अपेक्षित होता असं सांगतात. प्रत्यक्षात ते शब्द अशा माणसाबद्दल वापरतात, ज्याला मिळेपर्यंत मिळण्याची चिंता आणि मिळाल्यावर जाण्याची चिंता, म्हणजे कायम स्वतःच्या नफ्यातोट्यात घुटमळणारा. त्याचाही उगम कन्फ्यूशियसच्या संग्रहातच आहे, आणि कन्फ्यूशियस तिथे अशा माणसाची निंदाच करतो.

चिनी माणूस परक्याच्या अंगावरची अक्षरं पाहून चमकतो, त्याला आणखी एक जुनं कारण आहे. चीनमध्ये अंगावर अक्षरं कोरणं ही मुळात शिक्षा होती. गुन्हेगाराच्या तोंडावर शाईने खूण गोंदायची ही प्राचीन पाच शिक्षांपैकी एक. सुंग काळात तडीपार करण्याआधी कैद्याच्या गालावर गोंदत. पळून जाऊ नयेत म्हणून सैनिकांनाही गोंदत. 'वॉटर मार्जिन' या प्रसिद्ध कादंबरीतल्या अनेक नायकांच्या तोंडावर अशा खुणा आहेत. ही शिक्षा कायद्यातून गेली ती थेट १९०५ मध्ये. शिवाय शरीर हे आईबापांचं देणं, त्याला इजा करू नये, ही कन्फ्यूशियसपंथी शिकवण. अपवाद एकच, पण डोंगराएवढा: सेनापती युए फेई (११०३–११४२). देशावर निष्ठा सांगणारी चार अक्षरं त्याच्या पाठीवर होती, आणि खोट्या आरोपाच्या चौकशीत त्याने कपडा फाडून ती दाखवली, असं सुंग राजवटीच्या इतिहासात नोंदलं आहे. ती त्याच्या आईने गोंदली हा प्रसंग नंतरच्या लोककथेने जोडला आणि तोच घरोघरी पोचला. आज चीनमध्ये तरुण मुलं हौसेने गोंदवतात, पण २०२२ पासून अठराच्या आतल्या मुलांना गोंदण्यावर बंदी आहे. गंमत म्हणजे तिथल्या टॅटूवाल्यांकडे संस्कृत मंत्रांना चांगली मागणी असते. त्यात ऱ्हस्वदीर्घाच्या काय काय गमती होत असतील, ते आपण ओळखू शकतो.

स्वतःचं नाव चिनीत हवं असणाऱ्यांनी सोलापूरच्या डॉक्टरांचं नाव पाहावं. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. तिथे पाचही जणांना चिनी नावं मिळाली आणि प्रत्येकाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर जोडलं गेलं. कोटणिसांचे झाले 'के दीहुआ'. 'के' हे चिनी लोकांचं खरोखरचं आडनाव आहे आणि 'को'च्या जवळ जातं. 'दी' हे एका फुलझाडाचं नाव. प्राचीन चिनी काव्यापासून ते झाड भावाभावांच्या मायेशी जोडलेलं आहे. उच्चार थोडा सुटला, पण चिनी माणसाच्या कानाला हे नाव अनोळखी वाटत नाही. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच गेले. त्यांच्या मुलाचं नाव होतं यिनहुआ: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. नाव असं भाषा जाणणाऱ्या माणसाने बसवावं लागतं. तक्ता ते करू शकत नाही.

आता तपासायचं कसं. पहिला विचार अर्थातच मोबाइलमधल्या भाषांतराचा. यंत्राने दिलेलं चिनी त्याच यंत्राला उलटं विचारलं की बहुधा तुमचाच शब्द परत येतो आणि खात्री पटल्यासारखं वाटतं. तो पुरावा नव्हे; एकाच साक्षीदाराला दोनदा विचारलंत, इतकंच झालं. शिवाय यंत्राला तुमच्या दंडावरच्या तिरक्या रेघा दिसत नाहीत.

माणसाला विचारलं की काम झालं, असंही नाही. २००८ मध्ये जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेच्या नियतकालिकाने चीन विशेषांक काढला. मुखपृष्ठावर शोभेसाठी एक सुरेख चिनी मजकूर घेतला आणि छापण्याआधी चिनीच्या जाणकाराला दाखवलाही. अंक बाहेर पडल्यावर चिनी वाचकांनी कळवलं, की ही तरुण मुलींचा नाच दाखवणाऱ्या एका क्लबची जाहिरात आहे. संस्थेने माफी मागून मुखपृष्ठ बदललं. त्याच वर्षी वेल्समधल्या स्वान्झी नगरपालिकेने रस्त्यावरच्या पाटीसाठी वेल्श भाषांतर ईमेलने मागवलं. उत्तर आलं, पाटी रंगली, उभी राहिली. तिच्यावर वेल्शमध्ये लिहिलं होतं, की मी सध्या कार्यालयात नाही, भाषांतराचं काम पाठवून ठेवा.

अशा ठिकाणी घात करतो तो प्रश्न. 'याचा अर्थ शौर्यच ना?' असं विचारलं की भिडस्त माणूस 'हो, म्हणजे तसंच' म्हणतो. तुमचा उत्साह पाहून त्याला मोडता घालवत नाही, आणि कोशात पाहिलं तर तो खोटंही बोलत नसतो. म्हणून अपेक्षित अर्थ तोंडातून काढूच नका. आकृती दाखवा आणि विचारा: इथे काय लिहिलंय? कुठल्या भाषेत? हे माणसाच्या अंगावर दिसलं तर तुम्हाला काय वाटेल? तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. फुकट, शिपाई आणि शेगडी त्यातूनच बाहेर येतात. एकमेकांना न ओळखणाऱ्या निदान दोघांना विचारा, दोघांचंही शिक्षण चिनीत झालेलं असावं, आणि जमल्यास एक चीनचा, एक तैवान वा हाँगकाँगचा. दोघांची उत्तरं आपणहून जुळली तरच पुढे जा. उत्तर देताना कुणी क्षणभर थांबला आणि हसून 'छान आहे' म्हणाला, तर ते 'नाही' समजा.

अक्षरं संगणकाच्या छापील वळणात काढून घेऊ नका. ती औषधाच्या खोक्यावरच्या मजकुरासारखी दिसतात. सुलेखन शिकलेल्या माणसाकडून कुंचल्याने लिहून घ्या आणि टॅटूवाल्याला रेघ न रेघ तशीच उतरवायला सांगा. फार झोकदार 'गवती' वळणही टाळा, ते चिनी माणसांनाही धड वाचता येत नाही. पैसे जास्त जातील. लेझरने पुसायला लागणाऱ्या पैशांपुढे ते काहीच नाहीत: शाई कातडीच्या आतल्या थरात बसलेली असते, आणि ती फिकी करायला आठवड्या-आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, तरी डाग राहू शकतो.

शेवटची तपासणी त्या दिवशीची. अंगावर स्टेन्सिल उमटलं, की सुई लागण्याआधी त्याचा फोटो काढा. आरशातला नको, दुसऱ्याला काढायला सांगा. सेल्फीचा कॅमेराही कधी कधी आकृती उलटी करतो. तो फोटो अशा माणसाला पाठवा ज्याने हा मजकूर आधी पाहिलेलाच नाही, आणि फक्त एवढंच विचारा की काय लिहिलंय. उत्तर येईपर्यंत टॅटूवाल्याला चहा पाजा, पण मशीन सुरू करू देऊ नका.